मासोळीची हजेरी

आमच्या शाळेतल्या पहिलीच्या बाईंना सगळे सर्कसबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्या ओ देत. त्यांचं खरं नाव सेवापुस्तकात होतं आणि सेवापुस्तक माझ्या कपाटात, त्यामुळे ते माहीत असलेला बहुधा मी एकटाच.

मी या शाळेचा हेडक्लार्क. वाणिज्य शाखेचा पदवीधर. सात महिन्यांनी निवृत्त होईन. कपाटं लावून झाली आहेत, किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधून झाल्या आहेत. चौकशीची एक फाइल तेवढी पुन्हा पुन्हा हातात येते. त्यात सगळं क्रमाने लावलेलं आहे, लावणारा मीच. पण त्यात बाईंचा उल्लेख 'संबंधित शिक्षिका' असा आहे, आणि ती फाइल वाचून कोणाला बाई कळणार नाहीत. म्हणून हे लिहितो.

पहिलीचा वर्ग आणि माझं ऑफिस यांच्यामध्ये लाकडी पार्टिशन होतं, वरून फूटभर उघडं. त्यामुळे रोज दहा वाजून दहा मिनिटांनी बाईंची हजेरी मी न बघता ऐकायचो. ती हजेरी इतर वर्गांसारखी नसे. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाने एक प्राणी निवडायचा. मग बाई नंबर पुकारणार आणि मूल 'हजर' म्हणण्याऐवजी त्या प्राण्याचा आवाज काढणार. बाईंचं म्हणणं, पाच-सहा वर्षांचं मूल आईचा हात सोडून येतं तेव्हा त्याच्या घशात आवंढा असतो. त्याला स्वतःचं नाव घेऊन 'हजर' म्हणता येत नाही, पण कुत्रा होऊन भुंकता येतं. एकदा भुंकलं की आवंढा गेला.

त्या वर्षी वर्गात एकतीस मुलं होती. वाघ चौघांना व्हायचं होतं. एका जंगलात एकच वाघ, बाकीच्यांनी त्याची मावशी व्हावं, असा बाईंनी निकाल दिला आणि वर्गात तीन मांजरं आली. सात नंबरने गोगलगाय निवडली. ती आवाज काय काढणार? तर तो गप्प राहायचा, आणि सगळी हजेरी संपून पाटीवर लिहिणं सुरू झालं की उभा राहून सांगायचा, "बाई, आत्ता पोचलो." एका सकाळी कावळा असलेल्या मुलीचा घसा बसला. तिने घोगऱ्या आवाजात कळवलं की आज ती कावळ्याचं चित्र आहे. अठरा नंबर गाढव. गाढवच का, असं बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, "घरी सगळे तेच म्हणतात, मला सवय आहे." त्याचा आवाज असा होता की माझ्या टेबलावरचे पेपरवेट हलायचे.

एकदा तपासणीला साहेब आले होते. चांगले धिप्पाड होते. ते वर्गात शिरायला आणि अठरा नंबर पुकारायला एकच गाठ पडली. साहेब दचकले. हे काय चाललंय, म्हणून त्यांनी त्या मुलालाच विचारलं. तो म्हणाला, "मी हजर आहे. तुम्ही कोणते?" पार्टिशनच्या अलीकडे मी डोक्याला हात लावला. साहेबांनी क्षणभर विचार केला आणि बैल म्हणून सांगितलं. कामाचा बैल. शेरा चांगला लिहून गेले.

हे सगळं मधल्या सुट्टीत बाईंच्या तोंडून शिक्षकांच्या खोलीत पुन्हा व्हायचं. त्या प्रत्येकाचा आवाज काढून दाखवत. माझ्या माहितीप्रमाणे तिसरा प्रयोग संध्याकाळी घरी होई. बाईंनी लग्न केलं नव्हतं. छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांच्या थोरल्या बहीण राहत. बहिणीला आम्ही सगळे ताई म्हणायचो; त्या शिवणकाम करत. ताईंचा नियम होता, बहीण दारात आली की मशीनवरचा पाय न थांबवता विचारायचं, "आज काय केलं तुझ्या पोरांनी?" त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय चहा टाकायच्या नाहीत.

आता एकोणीस नंबर. ही मुलगी पहिले तीन आठवडे वर्गात एक अक्षर बोलली नाही. तिची आई सांगायची की घरी हिचं तोंड मिटत नाही, भिंतीशीसुद्धा बोलते. शाळेच्या पायरीवर मात्र तोंडाला कुलूप. मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावून कानाच्या डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. बाईंनी तिला बोलण्याचा आग्रहच केला नाही. प्राणी निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी तिला फक्त विचारलं की मासोळी कशी बोलते. मुलीने बराच वेळ बाईंकडे बघितलं, मग तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, मिटलं. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. बाईंनी हजेरीपटावर खूण केली आणि म्हणाल्या, "एकोणीस नंबर हजर."

त्या दिवसापासून रोज अठरा नंबरच्या गाढवानंतर एकदम शांतता व्हायची. दोन सेकंद. मग वीस नंबरचं मांजर. पार्टिशनच्या अलीकडे बसून मला ती शांतताही पाठ झाली होती.

मी नियमाचा माणूस. एकदा बाई हजेरीपट द्यायला आल्या तेव्हा मी विचारलं, उत्तर आलं नाही म्हणजे गैरहजर अशी रीत आहे, मग तुमच्या मासोळीची हजेरी धरायची कशी?

"मान वर करून बघायचं, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "तुम्ही लोक खाली बघून हजेरी घेता."

मी हसलो. त्याही हसल्या. हे संभाषण कोणत्याही जबाबात आलेलं नाही, कारण मला कोणी विचारलं नाही.

तो दिवस साधा होता. सकाळी अकराच्या सुमाराला व्हरांड्याच्या टोकाच्या अडगळीच्या खोलीतून धूर आला. तिथे जुने कागद, तुटकी बाकं आणि फरशी पुसायच्या औषधाचे डबे ठेवलेले असत, आणि वरून एक उघडी वायर गेलेली होती. धूर पाच मिनिटांत खालच्या मजल्यावर भरला. पहिलीचा वर्ग त्या खोलीच्या सगळ्यात जवळ. बाईंनी मुलांना एकमेकांचे सदरे धरायला लावून रांगेने मैदानात आणलं. हजेरीपट काखेत घेऊन आल्या. तशी सूचना होती. व्हरांड्यातला तो फलक मीच रंगवून घेतला होता.

मैदानात बाईंनी हजेरी सुरू केली. मुलांची पाचावर धारण बसलेली. एक नंबर, उत्तर नाही. दोन नंबर, रडणं. तेव्हा बाईंनी मुलांना सांगितलं की घाबरू नका, आपण आपला रोजचा खेळ खेळू. पुन्हा एक नंबर पुकारला, आणि कुत्रा भुंकला. मग एकेक आवाज येऊ लागला. वरच्या वर्गांची मुलं रडत होती आणि पहिलीतली म्यांव म्यांव करत होती, हे मी स्वतः बघितलं. मला त्या वेळी बाईंचं कौतुक वाटलं.

अठरा नंबर ओरडला. एकोणीस नंबर पुकारला. शांतता झाली. बाईंच्या डोळ्यांतून धुराने धारा लागल्या होत्या, हजेरीपट नाकाशी धरून त्या खूण करत होत्या. शांतता म्हणजे मासोळी. त्यांनी खूण केली आणि वीस नंबर पुकारला.

बाईंनी मुख्याध्यापकांना सांगितलं, एकतीसपैकी एकतीस. बंबवाले आल्यावर त्यांनी विचारलं, आत कोणी आहे का. मुख्याध्यापकांनी सांगितलं, कोणी नाही. म्हणून ते बाहेरून पाणी मारत राहिले.

मुलगी धुराच्या आधी करंगळी दाखवून स्वच्छतागृहात गेली होती. नेहमीप्रमाणे न बोलता. धूर निवल्यावर शिपाईमामा नळ बंद करायला आत गेले तेव्हा त्यांना ती दाराच्या आतल्या बाजूला सापडली. सगळं मिळून पंचवीस मिनिटं. चार दिवस ती इस्पितळात होती. पाचव्या दिवशी शाळेला सुट्टी द्यावी लागली.

वर्गातल्या मुलांना सांगण्यात आलं की ती दुसऱ्या शाळेत गेली.

चौकशी लागली. तारखेच्या तीन दिवस आधी मुख्याध्यापकांनी बाईंना आणि मला खोलीत बोलावलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. निवृत्तीला त्यांना दीड वर्ष होतं आणि अडगळीच्या खोलीची जबाबदारी त्यांची होती. त्यांनी बाईंचा जबाब आधीच तयार करवून घेतला होता. तो टाइप मी केला होता. त्यात लिहिलं होतं की हजेरी नेहमीच्या पद्धतीने घेतली, आणि एकोणीस नंबर पुकारल्यावर तिच्या शेजारी बसणाऱ्या विद्यार्थ्याने तिच्या वतीने 'हजर' असं उत्तर दिलं.

शेजारी बसणारा म्हणजे अठरा नंबर. गाढव.

बाईंनी कागद वाचला आणि खाली ठेवला. त्या म्हणाल्या, तो असं काही बोलला नाही.

"बाई, पोरगं सहा वर्षांचं आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "त्याला कोण फाशी देणार आहे? चार दिवसांत विसरेल. तुमची मात्र नोकरी जाईल, आणि वर कोर्ट. प्राण्यांचे आवाज काढून हजेरी घेत होता हे तुम्ही कोणत्या तोंडाने सांगणार?"

बाईंनी एक दिवस मागितला. मला वाटलं, सही करतील. खरं सांगायचं तर त्यांनी करावी असं मला वाटत होतं. घरी दोघी बहिणी, मागे-पुढे कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी अठरा नंबरला आणि त्याच्या आईला बोलावलं. मी वहीत नोंद करायला बसलो होतो. बाई दाराशी उभ्या होत्या. मुख्याध्यापकांनी मुलाला खुर्चीवर बसवलं, त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. अगदी मायेने विचारलं, "त्या दिवशी मैदानात बाईंनी तुझ्या मैत्रिणीचा नंबर घेतला, तेव्हा तू हजर म्हणालास ना?"

मुलाने आईकडे बघितलं. आईने काय ते सांग म्हणून त्याला कोपराने ढोसलं.

"म्हणालास ना, बाळा?"

मुलाने मान हलवली. हो अशी.

सहा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाने मायेने दोनदा विचारलं की ते हो म्हणतं. हे बाईंना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी पेन टेकवणार तेवढ्यात त्या आत आल्या, मुलाला खुर्चीवरून उतरवलं आणि त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तू त्या दिवशी कोण होतास रे?"

तो पुटपुटला, गाढव.

"गाढव हजर म्हणतं का?"

त्याने नकाराची मान हलवली.

"मग झालं तर. जा, खेळ जा."

मुलगा गेला. बाईंनी तो टाइप केलेला कागद टेबलावरून उचलला, चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, भाऊसाहेब, हा तुमच्याकडेच राहू द्या. तो अजून आहे, फाइलमध्ये नाही.

चौकशी मुख्याध्यापकांच्या खोलीत झाली. अधिकारी, बरोबरचे दोघे, मुख्याध्यापक, बाई, आणि जबाब लिहून घ्यायला मी. अधिकाऱ्यांनी हजेरीची पद्धत विचारली. बाईंनी सांगितली. प्रत्येक नंबराचं सांगा, असं ते म्हणाले. बाईंनी हजेरीपट उघडला आणि सांगू लागल्या. एक नंबर कुत्रा. दोन नंबर मांजर. मी लिहीत गेलो. शिक्षकांच्या खोलीत याच यादीवर आम्ही पोट धरून हसलो होतो. त्या दिवशी पंख्याचा आवाज तेवढा येत होता. सात नंबरला अधिकाऱ्यांनी विचारलं, गोगलगाय आवाज कसा काढते? बाईंनी सांगितलं की ती उशिरा येते आणि 'आत्ता पोचलो' म्हणते. तेही मी लिहिलं.

एकोणीस नंबरला बाई थांबल्या.

"ही काय करायची?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, मिटलं. मला आधी वाटलं, शब्द फुटत नाहीत. मग कळलं की त्या उत्तर देत होत्या.

मी अधिकाऱ्यांना विचारलं, काय लिहू? त्यांनी सांगितलं, उत्तर दिलं नाही, असं लिहा.

"तसं नको," बाई म्हणाल्या. "मासोळी, असं लिहा. आणि पुढे लिहा की रोज मी मान वर करून बघत होते, त्या दिवशी बघितलं नाही. दुसरं कोणी तिच्यासाठी बोललं नाही. कोणीही नाही."

मी तसंच लिहिलं. खाली त्यांनी सही केली. अक्षर नेहमीसारखंच होतं, फळ्यावरच्यासारखं गोल.

अहवाल आला त्यात उघड्या वायरीवर एक परिच्छेद होता आणि प्राण्यांवर चार पानं. बाईंना सेवेतून काढलं. कोर्टाचं लचांड सहा वर्षं चाललं आणि दंडावर मिटलं. मुख्याध्यापक ठरल्या दिवशी हार घालून निवृत्त झाले. हजेरी नियमानुसारच घ्यावी, असं परिपत्रक निघालं. तेही मीच टाइप केलं.

बाई पुन्हा कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. ताई कपडे शिवत, बाई त्यांना काज-बटणं आणि तुरपाई करून देऊ लागल्या. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. खाली छापखान्याचं मशीन धडधडत असे, वर ताईंचं. ताईंनी तो जुना प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. बाईंनी मुलांची एकही गोष्ट पुन्हा सांगितली नाही. मी एकदा चुकून त्या बैलवाल्या साहेबांचा विषय काढला. बाई उठून आतल्या खोलीत गेल्या, आणि ताई मला म्हणाल्या, "साखर कमी पडली का हो चहात?" मी समजलो.

या गोष्टीला चोवीस वर्षं झाली.

मागच्या महिन्यात प्रवेशाच्या दिवशी तिशीतला एक माणूस मुलीला घेऊन माझ्या टेबलापुढे बसला. फॉर्म भरता भरता पार्टिशनकडे बघून म्हणाला की हे अजून तसंच आहे. तो इथेच पहिली शिकला होता. त्याच वर्षी वडिलांची बदली झाली, सगळे परगावी गेले. आता नोकरीने तो परत आला होता.

"आमच्या बाई काय हजेरी घ्यायच्या," तो मुलीला सांगू लागला. "प्रत्येकाचा प्राणी असायचा. तुझा बाप कोण होता माहीत आहे?" आणि त्याने आवाज काढला. रांगेतले पालक दचकले, मागे कोणीतरी हसलं. माझ्या टेबलावरचा पेपरवेट मी हाताने धरला.

तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. गोगलगाय, कावळ्याचं चित्र, सगळं त्याला आठवत होतं. मैदानातही एकदा ते हा खेळ खेळले होते, काहीतरी पेटलं होतं तेव्हा, किती मजा आली होती, असं म्हणाला. मग जरा थांबून विचारलं, "माझ्या शेजारी एक मुलगी होती. मासोळी. तिचं काय झालं हो?"

मी म्हटलं, ती दुसऱ्या शाळेत गेली.

"हां, तसंच सांगितलं होतं," तो म्हणाला. मग त्याला बाईंचा पत्ता हवा होता. मुलीला दाखवायच्या होत्या त्याला. बघून उद्या देतो, असं मी सांगितलं.

संध्याकाळी मी बाईंकडे गेलो. ताई मशीनवर होत्या, बाई खिडकीशी काज करत होत्या. मी सगळं क्रमाने सांगितलं. बाईंनी सुई थांबवली नाही.

"हसत होता?" त्यांनी विचारलं.

"डोळे पुसेपर्यंत."

"खुर्चीवर बसवून विचारलं होतं, ते आठवतंय त्याला?"

"त्याचं काही बोलला नाही. आठवत असेल असं वाटलं नाही."

त्यांनी आणखी दोन टाके घातले. मग म्हणाल्या, पत्ता देऊ नका. मी म्हटलं, बाई, एवढ्या वर्षांनी कोणीतरी आपणहून येतंय.

"तो इथे बसून तिचं विचारेल, भाऊसाहेब. मला त्याच्याशी खोटं बोलता येणार नाही. आणि खरं सांगितलं, तर ते ओझं त्याच्यावर पडेलच, मग मी तेव्हा सहीच का नाही केली?"

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी सांगितलं की बाई गाव सोडून गेल्या, पत्ता नाही. आयुष्यात एक खोटा कागद टाइप केला होता; हे तोंडी. त्याचा चेहरा उतरला. फॉर्मवर सही करताना म्हणाला, "कुठे भेटल्या तर सांगा, गाढव विचारत होतं."

निरोप मी त्याच संध्याकाळी पोचवला. ताईंचं मशीन थांबलं. चोवीस वर्षांत मी ते माझ्यासमोर थांबलेलं बघितलं नव्हतं. बाईंनी हातातलं काज पुरं केलं, दोरा दाताने तोडला आणि कापड बाजूला ठेवलं.

"त्याची मुलगी," त्या म्हणाल्या. "काही बोलली का ती ऑफिसात?"

मी आठवून सांगितलं, एक शब्दही नाही. बापाच्या खुर्चीमागे उभी होती.

"तिच्या वर्गबाईंना सांगा," बाई म्हणाल्या. "हजेरी घेताना मान वर करून बघा म्हणावं."